सर्वांत ज्येष्ठ सभासदाच्या हस्ते

पुस्तकं खपत नाहीत म्हणून मी बोलायला लागले, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोकांना वाटतं, बाईंना समाजाची तळमळ आहे. तळमळ आहे, नाही असं नाही, पण घरात बसून राहण्याचा कंटाळा त्याहून मोठा आहे.

भूगावात फ्लॅट घेतल्यावर मी एक पत्रक छापून घेतलं. महिला मंडळं, बचत गट, सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्यासाठी व्याख्यानं आणि लेखन कार्यशाळा. खाली विषय दिले होते, 'वाचनाची गोडी', 'आपल्या आठवणी लिहूया' वगैरे. कुणी बोलावेल अशी आशा नव्हती, पण बोलावतात. सोसायट्यांना हाउझी आणि पावभाजी यांच्या मधला वेळ भरायला लेखिका बरी पडते. उरवड्याच्या बचत गटात बायका कंपनीची पाळी उरकून तशाच आल्या होत्या, अंगावर निळे कोट. मी वाचनाची गोडी सांगत होते आणि त्यातली एक बसल्या जागी इतकी गाढ झोपली की तिला उठवायचं कुणाच्या जिवावर येईना. मीच आवाज खाली आणला. ताम्हिणीला पावसाने पत्र्यावर असा धिंगाणा घातला की माझं व्याख्यान मलाच ऐकू आलं नाही. लोक मात्र शेवटपर्यंत बसले आणि जाताना 'छान बोलल्या' म्हणाले.

हे काम माणसाला उदास करतं. परतीच्या वाटेवर दर वेळी वाटतं, आपण काय दिलं यांना? तरी मी जाते, कारण क्वचित एखादा माणूस खरोखरच काही सांगायला आलेला असतो. तशा एका माणसाबद्दल मला लिहायचं आहे. ते लिहिताना बरं वाटत नाहीये, पण न लिहून तरी कुठे बरं वाटत होतं?

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. त्यात म्हातारे दोन प्रकारचे. एक, सांगली, सोलापूर, नांदेडकडून मुलांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. पायात चालायचे बूट, खिशात गोळ्यांची डबी. दुसरे मूळ गावातले, टोपीवाले. पहिल्यांच्या इमारती दुसऱ्यांच्या शेतांवर उभ्या आहेत. देवळाच्या सभामंडपात बैठक भरली की दोघे दोन बाजूंना बसतात, मध्ये चपला. भांडण काही नाही. बोलायला विषय नसतो एवढंच.

संघाचे कार्यवाह बूटवाल्यांपैकी. निवृत्त बँक अधिकारी, टापटीप, मुंगीलाही 'अहो' म्हणतील असे सज्जन. त्यांनी मला दर शनिवारी सकाळी आठवणी लिहायची कार्यशाळा घ्यायला बोलावलं. शेवटी समारंभ करायचा आणि सभासदांनी आपापलं लिहिलेलं लोकांपुढे वाचायचं, असं ठरलं.

टोपीवाल्यांच्या बाजूने एकटे आबा आले. सगळे त्यांना आबाच म्हणत, मग मीही म्हणू लागले. संघात वयाने तेच सर्वांत मोठे. पहिल्या दिवशी ते मागे भिंतीला टेकून बसले आणि माझं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"म्याडम, ह्ये शेवटाला माईकवर वाचायचं हाय न्हवं? समद्यांम्होरं?"

"हो आबा. ज्यांना वाचायचंय त्यांनी."

"मंग मी लिवतो."

मी हुरळून गेले. या वयात माणसाला लिहावंसं वाटतं म्हणजे काय! घरी जाऊन मैत्रिणीला फोन करून सांगितलंसुद्धा.

खरं कारण दोन-तीन शनिवारांनी कळलं. बाकीचे निघून गेले होते आणि आबा चपला शोधत रेंगाळले होते. त्यांच्या घराचं एकच भाताचं खाचर उरलं होतं. मी ते रोज बघत होते, फक्त ते कुणाचं हे माहीत नव्हतं. तिन्ही अंगांना इमारती, चौथ्या अंगाला रस्ता, आणि मध्ये तो हिरवा तुकडा. वाटण्या केव्हाच झाल्या होत्या, खाचर मुलाच्या नावावर होतं. लावणी मात्र आबाच करत, दोन बायका मजुरीला घेऊन. आता शेजारच्या इमारतीच्या बिल्डरने मुलाला गाठलं होतं.

"त्याने सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"त्यो कशाला सांगतोय? मोजणीवालं येऊन गेलं. मला म्हनला, रस्त्याचं काम हाय आबा. मी काय खुळा हाय का?"

"मग तुम्हीच सांगा ना त्याला, विकू नकोस म्हणून."

"घरात काय बोलायची सोय न्हाई, म्याडम. मी बोललो की त्यो गप ऱ्हातो. मंग सून गप. मंग समदं घर गप. त्या गप बसण्यापरास भांडान बरं. चारचौघांत बोललं म्हंजी त्यो शब्द हुतो. माजा पोरगा वंगाळ न्हाई. गावाला मान देतो. मी समद्यांम्होरं म्हनलो ना, मी हाय तवर नको, तर त्यो हात न्हाई लावायचा. पर त्ये समद्यांम्होरं बोलाया पायजे."

म्हणजे आबांना लेखन नको होतं, माईक हवा होता. मला जराही वाईट वाटलं नाही. उलट, इतकी वर्षं व्याख्यानं देत फिरले त्यात पहिल्यांदाच आपल्या कार्यशाळेचा कुणाला काही उपयोग होणार, याचा मला फार आनंद झाला.

शाळा चौथीपर्यंतची. आबा अक्षरं काढत नव्हते, कोरत होते. बाकीच्यांना मी सुरुवात कशी करावी, शेवट कसा करावा, असली पोपटपंची करत होते. आबांना काही शिकवलं नाही. त्यांनी लिहिलेलं मला अजून पाठ आहे.

'ह्या खाचरात मी गुडघ्याएवढा असताना उतरलो. आता गुडघं दुखत्यात तरी उतरतो. देवाकडं काय मागायचं ऱ्हायलं न्हाई. पोराकडं मागायचं हाय. मी हाय तवर भात लावू दे. मंग तुला काय करायचं ते कर, मी बघायला न्हाई.'

"रागावल्यावानी तर न्हाई ना वाटत?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा."

"त्याला लाज वाटाया नगं. येवढंच बघा."

मग काठी तोंडापुढे धरून त्यांनी मोकळ्या सभामंडपात दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी 'पोराकडं' या शब्दावर ते अडखळले. ते स्वतःवरच वैतागले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर देवळापुढे मांडव, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, आचारी जिलेबी पाडतोय. संघाची ऐपत मला ठाऊक होती. मी कार्यवाहांकडे बघितलं.

"प्रायोजक मिळाले मॅडम!" त्यांचा चेहरा उजळला होता. "मांडव, जेवण, सगळं त्यांच्याकडून. प्रमुख पाहुणे म्हणून मीच बोलावलं त्यांना."

प्रमुख पाहुणे म्हणजे तोच बिल्डर. कार्यवाहांना खाचराचं काहीच माहीत नव्हतं. बूटवाल्यांना टोपीवाल्यांच्या घरातलं काय माहीत असणार? आधी मला ते खटकलं, पण मग वाटलं, बरंच झालं की. त्यालाही ऐकू येईल. आबांचा मुलगा कडक इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसह पहिल्या रांगेत बसला होता. आबा त्याच्या मागे, स्वच्छ टोपी, सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला कागद. अधूनमधून ते खिसा चाचपत होते.

पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. आपल्याकडे कार्यक्रम हा सत्कारासाठी असतो, बाकी सगळं तोंडी लावायला. मी कार्यवाहांच्या कानाशी लागले. "आबा थकलेत. त्यांचं वाचन आधी घेऊया ना."

"अहो, पाहुण्यांना पुढे जायचंय. सत्कार तेवढा उरकतो, मग वाचनच वाचन."

आणि त्यांनी माईक हातात घेतला. "प्रमुख पाहुण्यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार, आपल्या संघाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, आदरणीय आबा यांच्या शुभहस्ते होईल."

त्यांच्या मनात कपट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. संघाची प्रथाच तशी होती. शिवाय गावातल्या माणसाला मान मिळावा म्हणून त्यांनी आठवणीने ते योजलं होतं. त्या सज्जनपणाचा मला आजही संताप येतो.

आबा उठले नाहीत. दोघांनी त्यांना आदराने दंडाला धरून उठवलं. पायऱ्या चढवून व्यासपीठावर नेलं. हातात शाल दिली. बिल्डर उंच माणूस, आबांचा हात पोचावा म्हणून त्याने हात जोडून मान खाली घातली आणि तो तसाच थांबला.

टाळ्या सुरू झाल्या होत्या. आबा शाल धरून उभे होते. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, मला तरी तो फार वाटला. आपल्या गावच्या देवळापुढे आलेला माणूस मान वाकवून उभा आहे आणि आपण हात मागे घ्यायचा, हे आबांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांच्या घराण्यात कुणालाच जमलं नसतं. त्यांनी शाल घातली. नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, "आबा, हिकडं बघा," तर त्यांनी तिकडे बघितलं.

माझ्या मागे टोपीवाल्यांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "ठरलं म्हनायचं. आबानी शाल-नारळ केला." दुसरा म्हणाला, "व्हय. आता काय अडचन न्हाई."

तेव्हा मला कळलं, काय झालंय ते. इकडे जमिनीचा व्यवहार जमला की घरातला वडीलधारा घेणाऱ्याला टॉवेल-टोपी करतो, नाहीतर शाल-नारळ. त्यानंतर मोडता घालायचा म्हणजे चारचौघांत दिलेला शब्द मोडायचा. कार्यवाहांना वाटत होतं, सत्कार झाला. बिल्डरलाही कदाचित तेवढंच वाटलं असेल. सगळ्या गावाने मात्र आबांचा होकार बघितला होता.

मग वाचनं झाली. एका आजींनी बदल्यांच्या आठवणी वाचल्या, एका काकांनी पहिल्या सायकलची गोष्ट. नंतर आबांचं नाव पुकारलं गेलं. ते माईकपाशी आले. खिशातून कागद काढला, उघडला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा घडी घातली.

"जेवान तयार हाय," ते म्हणाले. "समद्यांनी जेवूनच जावा."

लोक प्रेमाने हसले. त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांना मिळाल्या.

मांडवात गडबड उडाली तशी मी त्यांच्याकडे धावले. "आबा, तुम्ही वाचलं का नाही? मी सांगते तुमच्या मुलाला. आत्ता सांगते."

त्यांनी माझं मनगट धरलं. "न्हाई सांगायचं."

"पण तुमच्या मनात नव्हतं—"

"मनातलं कोन बघतंय? शाल घातली म्या. आता मागं फिरलो तर पोराची मान खाली जाईल गावात. म्हनत्याल, बापाला शब्द न्हाई." मग हळूच म्हणाले, "तुमी लई शिकिवलं म्याडम. वाया न्हाई गेलं." ते खोटं होतं, आणि माझ्या समाधानासाठी होतं. मला रडू आवरेना म्हणून मी हात धुवायच्या निमित्ताने बाजूला झाले.

तिथेच मुलगा मला शोधत आला. त्याचे डोळे भरलेले होते.

"म्याडम, तुमचं लई उपकार झालं."

"माझे कसले?"

"कवाधरनं मी आबांना ईचारायला भीत हुतो. खाचर म्हंजी त्यांचा जीव. तोंडच उघडंना माजं. बिल्डरकडनं ईसाराचा पैसा घेतलाय, पर रोज वाटायचं, आबा न्हाई म्हनले तर परत करायचा. खरं सांगतो, न्हाई म्हनले असते ना, मी हात लावला नसता. आन आज त्यांनी आपल्या हातानं..." त्याने बाहीने डोळे पुसले. "छातीवरचा धोंडा उतरला."

मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. आबा खुर्चीत बसले होते, मांडीवर ताट, सून त्यांना वाढत होती. ते जेवत नव्हते. आमच्याकडेच बघत होते. त्यांनी मला नुसती मान हलवली. नको.

"बरं झालं," मी म्हटलं.

मुलगा खाली वाकला आणि माझ्या पाया पडला. त्याच्या पाठीवर मी हात ठेवला आणि त्याला आशीर्वाद दिला.