गादीशेजारचं कार्ड

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आई गेली, तिलाही सांगितली नाही. शबनमला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायची होती ती तिलाच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच धाडस आहे माझ्याकडे.

शबनम आणि मी कोल्हापुरात एकाच वर्गात चित्रकला शिकलो. तिचा हात असा चालायचा की सर मागे उभे राहून बघत बसायचे. माझा हात — जाऊ दे. मला शब्द यायचे. कुणाला चित्राखाली चार ओळी हव्या असल्या की मी लिहून द्यायची. चित्रापेक्षा ओळीच बऱ्या आहेत, असं कुणी चेष्टेनं म्हटलं तरी मी दिवसभर खूश. शिक्षण संपल्यावर कळंब्याच्या रस्त्याला आम्ही दोघींनी एक खोली घेतली. सकाळी ती चहा टाकायची, मी अंथरुणातून हुकूम सोडायची. इतकं साधं सुख पुन्हा मिळालं नाही मला.

तिचे वडील कुरुंदवाडचे; मी त्यांना चाचा म्हणायची. गाद्या भरणारे नदाफ. आख्ख्या गावाच्या गाद्या उसवून, कापूस पिंजून नव्या करून देणारा हा माणूस — पण घरातली एक गादी मात्र त्यांनी कधी उसवली नाही. शबनम नववीत असताना तिची आई गेली, तेव्हापासून ती तशीच होती. त्या गादीला शेजारी शेजारी दोन खड्डे पडले होते. एक चाचांचा, एक तिच्या आईचा. पोरं म्हणायची, अब्बा, भरून घ्या की आता. चाचा म्हणायचे, बघू पुढच्या महिन्यात.

शहरात एका मोठ्या प्रदर्शनासाठी शबनमची निवड झाली, तेव्हा तिनं चाचांकडून तीच गादी मागून आणली. दालनाच्या फरशीवर ठेवली. बस्स. वर चादर नाही, बाजूला चित्र नाही, भिंतीवर एक ओळ नाही. मी म्हटलं, अगं, चार शब्द तरी लाव, लोकांना कळणार कसं? ती म्हणाली, "बघून कळत न्हाय, त्याला वाचून काय कळणार हाय?"

आदल्या संध्याकाळी मी तिथं एकटीच थांबले होते. खाली बसून त्यातल्या लहान खड्ड्यावर हात ठेवला. आणि मला रडू आलं. मला सगळं कळलं होतं हो — एका अक्षराशिवाय कळलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला समजलं नाही म्हणून मी तसं केलं, असं तुम्ही माझ्या बाजूनं म्हणू नये.

पहिल्या दिवशी लोक आले. एकानं विचारलं, विश्रांतीची सोय केलीय का? एक म्हातारी बाई मात्र गादीशेजारी बसली ती बराच वेळ उठलीच नाही. बाहेरगावचे जाणकार पाहुणे आले, त्यांनी भिंतीवर मजकूर शोधला, सापडला नाही, पुढे गेले. शबनमला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. तिच्यासाठी वाटलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तिच्या त्या गादीत मला कुठंच जागा नव्हती — हे मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना आणायला गावी गेली. मी मजकूर लिहिला, झेरॉक्सच्या दुकानात कार्डावर छापून घेतला आणि दालनात जाऊन चिकटवला. आयोजकांना वाटलं, शबनमनंच दिलाय. काय लिहिलं होतं? अल्पसंख्याक घरातल्या स्त्रीची घुसमट. पुरुषाच्या शेजारी दबत गेलेलं तिचं शरीर. असलंच सगळं, झोकदार भाषेत. दुपारपर्यंत गादीभोवती गर्दी. लोक कार्ड वाचायचे, मान डोलवायचे, कार्डाचा फोटो काढायचे. गादीकडे बघायला फारसं कुणी थांबत नव्हतं.

मग शबनम चाचांना घेऊन आली. तिला दारातच लोकांनी अभिनंदन करायला गाठलं. चाचा सरळ माझ्याकडे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता त्यांनी. कार्डाकडे बोट करून म्हणाले, "चष्मा घरातच ऱ्हायला बघ. वाचून दाखव की, पोरी."

मी वाचून दाखवलं. सगळं. एखादा शब्द गाळता आला असता, तेवढंही सुचलं नाही.

ते गादीकडे वळले. मग हळूच म्हणाले, "ती घुसमटली हुती, असं कुणी सांगितलं ह्यास्नी?" शबनम मागे येऊन उभी होती. तिनं विचारलं, "हे कुणी लावलं?" आणि मी म्हटलं — इथल्या लोकांनी.

ती आयोजकांशी भांडली. ते म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हीच दिलं. मी तिच्या कानात सांगितलं, आता अंगाशी आल्यावर हात झटकतायत. त्यानंतर तिनं कुठल्याच प्रदर्शनाचं दार पाहिलं नाही. चाचांनी त्याच संध्याकाळी टेम्पो बोलावला. घरी जाऊन गादी उसवली आणि कापूस मशीनला घातला. अर्ध्या तासात सगळा सारखा झाला, असं शबनमनं मला फोनवर सांगितलं.

आमची खोली सुटली. ती कुरुंदवाडला शाळेत चित्रकला शिकवते. मी काय करते? दालनांसाठी मजकूर लिहिते. त्या कार्डामुळेच एका पाहुण्यांनी मला पहिलं काम दिलं; ते मी लिहिलंय, हे त्यांना मीच हळूच सांगितलं होतं. शबनमला वाटतं, त्या दिवशी तिच्या बाजूनं उभी राहिलेली मी एकटीच. दर ईदला तिचा शीरखुर्म्याचा डबा येतो. मी तो खाते.

या वर्षी चाचा गेले. मी भेटायला गेले होते. बायका उठून गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. ती माझा हात धरून म्हणाली, "अम्मी खरंच घुसमटत असंल काय गं? ती शिकलेली माणसं. त्यास्नी कायतरी दिसलं असंलच की. आता इचारू तरी कुणाला?"

सांगायची वेळ असेल, तर ती तीच होती. मी शेवटची बस आहे म्हणून उठले.

कुणाला काही दिसलं नव्हतं. लिहिणारी मी होते. तिच्या आईला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.