शेपटीचा सत्कार

बर्मिंगहॅममधल्या आमच्या मराठी मंडळाचा मी सूत्रसंचालक आहे. गणपती, कोजागिरी, कुणाच्या सासऱ्यांची पंचाहत्तरी, काहीही असो, माईक माझ्याकडे येतो आणि मग तो परत मिळवायला अध्यक्षबाईंना मंचावर यावं लागतं. लोक हसतात, मला आनंद होतो, माझ्या बायकोला घरी जायची घाई होते. हे सगळं छान चाललं होतं. मग आमच्या सेफ्टीचं प्रकरण झालं.

आमच्या मंडळाची एक फुटबॉलची टीम आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल म्हटलं की जो डोळ्यांपुढे येतो तो नव्हे. लांबट चेंडूचा, अमेरिकेतला. आमच्यातल्या एकाच्या ऑफिसात अमेरिकन मॅनेजर आला होता, त्यानं पार्कात चार जणांना हा खेळ शिकवला. मॅनेजर परत गेला, चेंडू इथंच राहिला. आम्ही खेळतो त्या प्रकारात धक्काबुक्की नाही, कारण आमच्यातल्या बहुतेकांचे गुडघे आधीच संपावर आहेत. प्रत्येकाच्या कमरेला एक पट्टा असतो आणि पट्ट्याला दोन कापडी पट्ट्या लोंबत असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की त्याचं पळणं तिथंच संपतं. त्या पट्टीला मंडळात सगळे शेपटी म्हणतात.

आता सगळ्यात मागे जो एकटा उभा असतो, पुढच्या सगळ्यांच्या हातून सुटलेला माणूस जो धरतो, पुढच्यांनी केलेला घोळ जो निस्तरतो, त्याला या खेळात सेफ्टी म्हणतात. अध्यक्षबाईंना हा शब्द पहिल्या दिवसापासून शेपटी असाच ऐकू आला. सगळ्यांत मागे असतो आणि शेपट्या ओढतो, म्हणजे शेपटीच की, असं त्यांचं म्हणणं. मी आयुष्यात बरेच युक्तिवाद ऐकले, याला उत्तर सापडलं नाही.

आमचा सेफ्टी नागपूरचा. कॉलेजात कबड्डी खेळलेला. इथं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचा. त्याच्या हातून शेपटी सुटलेली मी क्वचितच पाहिली. मी त्याला एकदा विचारलं, "कसं जमतं रे तुला?" तर म्हणाला, "भाऊ, मी तोंडाकडं पाहतच नाही. माणूस तोंडानं फसवते. मी कमरेकडं पाहतो." मी तोंडावर पोट भरणारा माणूस, तेव्हा खूप हसलो.

मग त्याला लेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि तो तिकडे राहायला गेला. तरी दर रविवारी ट्रेननं खेळायला यायचा. बायको आणि लहान मुलगी नागपुरात होत्या. त्यांच्या व्हिसासाठी तो पैसे साठवत होता, त्यासाठी रविवारची जादा शिफ्ट घेणं त्याला सोयीचं होतं, पण ती सोडून तो आमच्याकडे यायचा. मॅच संपली की मी त्याला गाडीनं स्टेशनवर सोडायचो.

असंच एकदा स्टेशनच्या बाहेर गाडी थांबवली तर हा उतरेना.

"भाऊ, एक बोलू का?"

"बोल ना."

"नाही, राहू द्या." सीटचा पट्टा सोडला, परत लावला. "भाऊ, एक बोलू का? राग नका मानू."

मागून टॅक्सीवाला हॉर्न देत होता. मी म्हटलं, "अरे, लग्नाची मागणी घालतोयस का मला?"

तेव्हा एकदाचं बोलला. लेस्टरमध्ये याच खेळाची एक टीम आहे, ते बोलावतायत. घराजवळ आहे, दुसऱ्या गावी मॅच असली तर जायचा-यायचा खर्च ते देतात. "पण मला इथं बरं वाटते भाऊ. आठवडाभरात इथंच मराठी बोलतो मी. मंडळानं ट्रेनचं भाडं दिलं, तर मी कुठंच नाही जात. जास्त नको. फक्त भाडं." बोलताना तो समोरच्या काचेकडे पाहत होता, आणि बाहेर एवढी थंडी असून त्याच्या कानशिलावर घाम आला होता.

मी म्हटलं, "एवढंच ना? समज झालं."

समितीची बैठक अध्यक्षबाईंच्या घरी झाली. मुद्दा साधा होता: टीमचा सगळ्यात चांगला माणूस टिकवायला पैसे द्यायचे की नाहीत. मला फक्त त्याची मागणी मांडायची होती. पण समोर चहा, पोहे आणि पाच-सहा माणसांचा प्रेक्षकवर्ग. मी उभा राहिलो. पट्टा सोडला, पट्टा लावला, काचेकडे पाहिलं, घाम पुसला, आणि हुबेहूब त्याच्या आवाजात म्हटलं, "भाऊ, एक बोलू का? नाही, राहू द्या." खजिनदाराला ठसका लागला. मग लोकांच्या आग्रहाखातर मी ते परत केलं. टॅक्सीवाल्याच्या हॉर्नसकट.

हसून झाल्यावर चर्चा सुरू झाली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता कुणीच ती मागणी गंभीरपणे घेत नाहीये.

खजिनदार म्हणाला, "आज भाडं, उद्या पगार. ढोलपथकातल्या मुलांना आपण काही देतो का? गणपतीला बायका मोदक करतात, त्या मागतात?"

"मागितलं पाहिजे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी पहिली मागेन."

"बाई, विनोद नको. मंडळ चालतं ते फुकट राबणाऱ्या लोकांवर. एकाला दिलं की दुसरा विचारणार, मी काय मूर्ख होतो का."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. तो स्वतः कित्येक वर्षं सतरंज्या उचलत आलाय, कुणी त्याला पेट्रोल विचारलेलं नाही. अध्यक्षबाईंचंही खरं होतं. "शेपटी गेली तर टीम गेली," त्या म्हणाल्या. "पुढचे सगळे नुसते फोटोला उभे राहिल्यासारखे असतात." दोन्ही बाजू खऱ्या, पोहे संपत आलेले, आणि पैसे हा शब्द उच्चारला की आपल्या माणसांचा चेहरा होतो तसा सगळ्यांचा झालेला.

अशा वेळी सुटकेचा मार्ग काढणं हे माझं कामच. मी म्हटलं, "अहो, भाडं काय देता? त्याच्यासारख्या खेळाडूला पैसे देणं म्हणजे त्याचा अपमान. आपण त्याचा सत्कार करू!"

काय आनंद झाला हो सगळ्यांना! सत्कार म्हटल्यावर खजिनदारानं हॉलचे पैसे तिथल्या तिथे मंजूर केले. जेवण ठरलं, हार ठरले. शाल आणि नारळ आणायची जबाबदारी मी घेतली, आणि चांगली शाल लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतच मिळते यावर एकमत झालं. माझी गाडी एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीला, गेली होती. मी ट्रेननं गेलो. शाल मात्र झकास घेतली, नुसती दाखवायची नव्हे, चांगली लोकरीची. परत आल्यावर माझं भाडं मंडळाकडून घेतलं. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

त्याला मी फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी ये. मंडळानं तुझा विचार केलाय." यावर फोनमध्ये तो जो हसला, ते हसू माझ्या कानात आजही आहे.

शिफ्ट सोडून तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून. दारातच खजिनदार त्याला भेटला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय भाऊ, एक बोलू का? नाही, राहू द्या!"

खजिनदार मनाचा वाईट नाही. त्याला वाटलं ही आपल्यातली गंमत आहे. सेफ्टी हसला नाही. त्यानं मान वळवून हॉलभर पाहिलं आणि मंचावर मी माईक तपासत होतो तिथं येऊन त्याची नजर थांबली. गाडीत आम्ही दोघंच होतो. तिसरा फक्त मागचा टॅक्सीवाला. मी "हॅलो, हॅलो, माईक चेक" म्हणत राहिलो.

आणि तरीही मी भाषण केलं. का केलं, कसं केलं, विचारू नका. माईक हातात आला की माझं तोंड माझं राहत नाही. खरा खेळाडू पैशासाठी खेळत नाही, असं म्हणालो. टाळ्या. प्रेम हेच त्याचं मानधन, असं म्हणालो. मोठ्या टाळ्या. अध्यक्षबाईंनी शाल पांघरली, नारळ हातात दिला. आपल्याकडे सत्काराच्या नारळाखाली कधीकधी एक पाकीट असतं. फोटोसाठी तो नारळ धरून उभा होता आणि मला बाजूनं दिसलं, त्याचा अंगठा नारळाखाली हळूच फिरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग थांबला.

मी घाईघाईनं म्हटलं, "आणि मित्रहो, ही शाल साधीसुधी नाही! ही आणायला मी स्वतः, खास, ट्रेननं लेस्टरला गेलो होतो!"

त्यानं माईकसाठी हात पुढे केला. सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलायचे असतात, मी दिला.

"भाऊ," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "तुमचं भाडं मंडळानं दिलं का?"

आणि आमचा खजिनदार, हिशेबाचा चोख माणूस, प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय, पहिल्या रांगेतून ओरडला, "दिलं ना! लगेच दिलं!"

"बरं झालं," सेफ्टी म्हणाला आणि माईक माझ्या हातात परत ठेवला.

कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन त्या दिवशी झालं नाही. जेवणाच्या रांगेत अध्यक्षबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "कल्पना तुझी होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण हात आम्हीही वर केले होते." मला धीर द्यायला बोलल्या असाव्यात. मी वाटीत वाढलेलं श्रीखंड तसंच टाकलं. तो न जेवताच गेला होता, आणि स्टेशनवर सोडायला कुणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाडं द्यायचं ठरलं. पाच मिनिटंही लागली नाहीत, खजिनदारानंच ठराव मांडला. मी फोन केला. "नाही भाऊ," तो म्हणाला, "तिकडं हो म्हणून बसलो आता." रागावला असता तर मला बोलता आलं असतं. रागावलेल्या माणसाशी मी चांगला बोलतो.

तो गेल्यावर आम्ही ज्यांच्याशी खेळलो त्यांच्याकडून हरलो. मागे कुणीच नसल्यासारखी माणसं सुटून जायची. पण ते मी हसून सांगू शकतो. खरं सांगायचंय ते लेस्टरच्या मॅचचं.

उन्हाळा लागता लागता आमची त्यांच्याशी मॅच पडली, त्यांच्या पार्कात. ऊन होतं, पण वारा असा की ऊन नुसतं दाखवायला ठेवलेलं. शेवटच्या चालीत आमचा एक जण चेंडू घेऊन सुटला, समोर फक्त एक माणूस. आमच्या पठ्ठ्यानं तोंडानं, खांद्यानं, डोळ्यांनी काय काय नाटकं केली. समोरच्यानं कशाकडे पाहिलं नाही. शेपटी त्याच्या हातात. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि आमची सगळी टीम माझ्याकडे वळून पाहू लागली.

"तुम्हीच ना ते? माईकवाले?"

बाजूला एक तरुण बाई उभी होती. अंगावर लोकरीची शाल. मी ती लगेच ओळखली, काठ मीच निवडला होता. त्या शालीच्या आत, तिच्या पायांना बिलगून, एक लहान मुलगी. म्हणजे आल्या होत्या दोघी. व्हिसा झाला होता.

"यांनी सत्काराचा व्हिडिओ पाठवला होता आम्हाला," ती म्हणाली. "सुरुवातीचाच होता, शाल देतात तिथपर्यंत. माझ्या सासूबाईंनी सगळ्या गल्लीला दाखवला. रडल्या त्या. म्हणाल्या, परक्या देशात माझ्या लेकाला एवढा मान देणारी माणसं आहेत."

मी काहीतरी हसल्यासारखं केलं.

"शाल पण किती छान आहे. मला इथली थंडी सोसतच नाही, हिच्यावरच निभतं." मग जरा जवळ येऊन म्हणाली, "एक विचारू? एवढा मान दिला तुम्ही, मग यांनी तुमची टीम सोडली कशाला? मी विचारलं की हसतात नुसते. भांडण झालं का काही?"

मला बोलता येतं. कुठल्याही प्रसंगी, कुठल्याही विषयावर, तयारीशिवाय. मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात तो आला. हातात आमच्याच माणसांच्या ओढलेल्या शेपट्यांचा झुपका. तिचा प्रश्न त्याच्या कानावर पडला असावा. माझ्या तोंडाकडे त्यानं पाहिलंही नाही.

"भाऊंना काय विचारते?" तो बायकोला म्हणाला. "रविवारची ट्रेन कधी वेळेवर येते का इथं? कंटाळलो मी. हो ना भाऊ?"

"हो," मी म्हटलं.

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. तिचं समाधान झालं, तिनं मुलीला सांगितलं, आजोबांना नमस्कार कर. मला अजून कुणी आजोबा म्हणत नाही, पण त्या दिवशी मी तेही चालवून घेतलं. मुलीनं शालीतून हात बाहेर काढून वाकून नमस्कार केला, आणि मी आशीर्वाद काय दिला ते मला आठवत नाही.

निघताना तो गाडीपर्यंत आला.

"भाऊ, एक बोलू का?"

"बोल."

"पार्किंगची वेळ संपली तुमची. इथं लगेच दंड लावतात."

तो वळून दोघींकडे गेला. मी शेपूट घालून गाडीत बसलो. गाडी सुरू करायला विसरलो होतो, ते काचेवर टकटक झाल्यावर कळलं. पार्किंगवाला होता.