चीनमधला अर्धा वाटा

बारामतीच्या एका कॉलेजात मी एकोणीस वर्षं इतिहास शिकवते. पाटीवर माझं नाव 'प्रा. एन. व्ही. कोकरे' असं आहे. एन म्हणजे नकोशी. दोन बहिणींनंतर मी तिसरी मुलगी झाले, म्हणून कळसच्या आमच्या आजोबांनी हे नाव ठेवलं. पुढच्या खेपेला सोनबा झाला आणि नाव लागू पडलं म्हणून सगळे खूश. मीसुद्धा. लहानपणी पाहुण्यांना ऐटीत सांगायची, "सोनबा माझ्यामुळं झाला!" अक्कल तेव्हापासूनच बेताची.

माझा आवडता विषय म्हणजे मध्ययुगीन चीनमधल्या बायका. गेल्या वर्षी एका शुक्रवारी तो वर्गात रंगला होता. कागदोपत्री त्या बायकांचं स्वतःचं नाव बहुतेकदा यायचंच नाही, अमक्या घराण्यातली, तमक्याची बायको, एवढंच. सुंग राजवटीत श्रीमंत घरांतून मुलींचे पाय बांधायला सुरुवात झाली होती. आणि त्याच काळातले काही निकाल असेही सापडतात, की आईबापांमागं वाटणी झाली तर मुलीला मुलाच्या निम्मं द्यावं.

"निम्मंच?" पहिल्या बाकावरच्या स्वरालीनं विचारलं. ती पळसदेवची.

"आठशे वर्षांपूर्वी निम्मं!" मी कडाडले. "आज आपला कायदा भावाइतकं देतो. मागतात किती जणी? भावाला वाईट वाटेल म्हणून मुकाट्यानं सही करणारी बाई स्वतःच्या हातानं स्वतःचे पाय बांधते."

टाळ्या पडल्या. टाळ्या मला लगेच चढतात.

सोमवारी मी रजा काढून इंदापूरला गेले. सोनबाचा फोन आला होता, "आक्का, आबांच्या जमिनीचं तेवढं उरकून घिऊ. थोरल्या दोघीबी येत्यात." रजिस्टर ऑफिसात वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र तयारच होतं. थोरल्या दोघींनी सह्या केल्या. मग क्लार्कनं मला विचारलं, "नकोशीबाई, राजीखुशीनं हक्क सोडताय ना?"

शुक्रवारचं सगळं भाषण ओठांवर आलं. तेवढ्यात सोनबानं माझ्यासाठी खुर्ची पुढं ओढली आणि मी म्हणाले, "हो, राजीखुशीनं." फोटोसाठी हसलेसुद्धा. "हसू नका, सरळ बघा," क्लार्क म्हणाला.

घरी वहिनीनं पुरणपोळी केली होती आणि मोरपंखी साडी आणली होती. तिसऱ्या पोळीला मी स्वतःची समजूत घातली, की आपल्याला पगार आहे, जमीन घेऊन काय करायचं? पगार सोनबालाही आहे, कारखान्याचा, हे चौथ्या पोळीला आठवलं.

दोन आठवड्यांनी स्वराली स्टाफरूममध्ये आली. डोळे सुजलेले.

"मॅडम, मामानं आईला सहीला बोलावलं होतं. मी तिला तुमचं चीनचं सांगितलं. तिनं सही केली नाही. आता मामा घरी येत नाही आणि आई रोज विचारते, माझं चुकलं का. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी चहा मागवला. चहा येईपर्यंत तीन खोटी उत्तरं तयार झाली. पण तिच्याकडं बघून एकही बाहेर पडेना.

"मी सही केली," मी म्हणाले. "तुम्हाला शिकवलं त्याच्या तिसऱ्या दिवशी."

तिनं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "हे आईला येऊन सांगाल?"

रविवारी पळसदेवला गेले. तिची आई, ताईबाई, ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, पुरणपोळ्यांच्या आकड्यासकट. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी शिकवलं तुमी, आन् शिकले मी!" आणि पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "भावाला इचारलं तरी का कदी?"

"नाही."

"इचारा की. लई तर न्हाय म्हणंल. मला फोनवर रोज म्हणतोय."

त्याच संध्याकाळी मी कळसला गेले. सोनबा शेतात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता.

"सोनबा, मला माझा वाटा पायजे होता."

त्यानं नळी खाली टाकली. "मग सहीच्या टायमाला का बोलली न्हाईस?"

मी वाकून ती नळी गुंडाळायला घेतली. आणि मी तर बोलण्याचाच पगार घेते.

कागद बदलला नाही. सोनबा दोन महिने अबोला धरून होता. मग फोन आला तो आंब्याच्या रोपांबद्दल. जमिनीचा विषय त्यानं काढला नाही. मी मात्र काढला. "बघू," म्हणाला. अजून बघतोय. दर महिन्याला मी विचारते.

ताईबाईंना यंदा तीस गुंठे मिळाले, उजनी धरणाच्या पाण्याकडेचे, वर्षातले काही महिने पाण्याखाली जाणारे. भावानं मुद्दाम तोच तुकडा दिला, असं स्वराली म्हणते. ताईबाईंनी तिथं वैरणीचा मका केला. बघायला गेले तर त्यांनी माझ्या हातात विळाच दिला. अर्ध्या तासात माझी एक पेंढी झाली, तीही बांधताना सुटली. ताईबाईंच्या तोवर अकरा झाल्या होत्या.