मखराच्या पडद्यामागे

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सामना चालू असताना कॉम्प्युटर बंद पडला, तो मुलीचा पाय लागून नाही. माझ्यामुळे.

गेमसाठी तिला नवं ग्राफिक्स कार्ड मीच घेऊन दिलं होतं. प्रोसेसर मात्र जुनाच ठेवला. अजून उत्तम चालतो म्हणून ठासून सांगितलं. गेम अडखळायला लागला. चित्राचा दर्जा अगदी खाली आणला तरी काही फरक पडेना, तेव्हा मला कळलं. कार्ड निम्मं रिकामंच बसलं होतं, कारण प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नव्हता. माझी चूक कबूल करायची सोडून, ती कॉलेजात असताना मी सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज वाढवून ठेवलं; त्याने तो जास्त तापतो, हे माहीत असूनही. गेम सुधारला. ती खूश.

मग गणपती आले. लालबागच्या आमच्या खोलीत टेबल एकच. त्यामुळे मूर्ती टेबलावर, कॉम्प्युटरचं कॅबिनेट खाली, आणि पुढे मखराचा सॅटिनचा पडदा. एरवी त्या दिवसांत मशीन बंदच असायचं, पण गेमच्या संघाच्या निवडीचा सामना नेमका मध्ये आला. मॉनिटर पलंगावर मांडून ती खाली बसली.

"बाप्पासमोर गोळीबार," बायको म्हणाली.

"आई, त्याला पण हेडफोन देऊ का?"

थोड्या वेळाने मला तापलेल्या धुळीचा वास आला. पडद्यामागे हात घातला आणि झटकन मागे घेतला. आत भट्टी होती. वर समई, मध्ये ते कापड, पायाखाली जुन्या चाळीची लाकडी जमीन, आणि दाराशी आरतीला जमलेली शेजारची पोरं. बंद कर म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. मी पडदा चार बोटं सरकवला आणि तिथेच उभा राहिलो. ठिणगी दिसते का, एवढंच बघत होतो.

पंख्यांची घरघर एकदम थांबली. मॉनिटर काळा. प्रोसेसर अति तापला, की मशीन स्वतःच बंद पडतं.

"वायरीला पाय लागला असेल तुझा," बायको म्हणाली.

मुलीने पाय जवळ ओढून घेतले. माझ्याकडे पाहिलं. "लागला का, बाबा?"

"असेल," मी म्हणालो.

संघातल्या प्रत्येकाची तिने माझ्यासमोर फोनवर माफी मागितली. तरी तिला घेतलं नाही. विसर्जनानंतर मी वेग गुपचूप पूर्ववत केला. अजूनही ती कॉम्प्युटरपुढे बसताना पाय वर घेऊन मांडी घालते, आणि मला हाताला ती धग लागते.

तिचा पाय लागला नव्हता, हे मला तिला सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.