अर्ध्या वाटीचं कढण

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाणी बाधेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. उभा जन्म मुरगूडकडच्या गुऱ्हाळांवर गूळ करण्यात गेलेला माणूस. रस उकळणाऱ्या काहिलीपुढं उभा राहून पाण्याचे तांब्यावर तांबे रिचवायचा. पण अर्धांगाचा झटका आला आणि गिळणंच बिघडलं. पातळ काही दिलं की ते श्वासाच्या नळीत उतरायचं. डॉक्टरांनी एक पावडर लिहून दिली. चहा, पाणी, कढण, जे द्याल ते हिनं दाट करून चमच्यानं द्या, म्हणाले. पातळ छातीत गेलं तर जिवावर बेतेल.

आता गंमत बघा. माझं पोटच या विद्येवर चालतं. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी भेंडीचा चिकटपणा, डिंक, गवारीच्या बियांचं पीठ, मक्याचं स्टार्च असले पदार्थ तपासते. कशानं काय किती दाट होतं ते मोजते. हा नादही अण्णांनीच लावलेला. उकळत्या रसात भेंडीचं चिकट पाणी ओतून ते मळी वर आणायचे, ते बघत मी मोठी झाले.

त्यामुळं शनिवारी पावडर संपली आणि दुकानदारानं मंगळवार सांगितला, तेव्हा मी हसलेच. प्रयोगशाळेत मक्याचं स्टार्च शिजवलं, वाळवलं, दळलं. यंत्रावर दाटपणा मोजला. डॉक्टरांच्या पावडरीशी तंतोतंत जुळला. तेच पीठ मी पावडरीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलं. आईला उगाच घोळ नको, म्हणून सांगितलंही नाही. मंगळवार आला, गेला. माझं पीठ चांगलं चाललंय म्हटल्यावर दुकानाकडं कोण जातंय?

आठवडाभरात अण्णांना खोकला लागला. आई म्हणायची, हवा बदलली. मीही मान डोलावली. अंगात कणकण आली तेव्हा मी रजा काढून उचगावच्या घरी बसले.

दुपारी आईनं ओट्यावरची झाकलेली वाटी काढली, चमचा भरला आणि अण्णांच्या तोंडाकडं नेला. चमच्यातून कढण पाण्यासारखं ठिबकत होतं. मी तिचा हात धरला.

"यात पाणी कुणी घातलं?"

"पानी कोन घालंल? सकाळचंच कढण हाय. ह्यांनी अर्धी वाटी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली. मुगाचं सोन्यासारखं कढण टाकू व्हय?"

पातेल्यात त्याच कढणातलं न उष्टावलेलं उरलं होतं. बघितलं तर ते सकाळइतकंच दाट. एकाच पातेल्यातलं, एकाच पिठाचं. दुसऱ्या वाटीत थोडं घेतलं, चमचा स्वतःच्या तोंडात घालून त्यात फिरवला आणि घड्याळाकडं बघत उभी राहिले. दहा मिनिटांत वाटी वाकडी केली तर कढण सळसळत काठाला आलं.

लाळ. लाळेनं स्टार्च तुटून त्याची साखर होते, हे शाळेतली पोरं आयोडीन टाकून बघतात. दरवेळी तोंडातला चमचा परत वाटीत बुडत होता आणि झाकणाखाली ती वाटी निवांत पातळ होत होती. डिंकाच्या जातीच्या पिठाला लाळ काही करू शकत नाही. डॉक्टरांच्या डब्यात नेमकं तेच होतं. डब्यावर छापलेलंही होतं. मी फक्त दाटपणा मोजला.

आणि मी काय केलं? आईवर ओरडले. "उष्टं कशाला ठेवायचं? आजारी माणसाला कोण देतं उष्टं?" ती डोळे मोठे करून बघत राहिली. तिच्या घरात आजवर ताटात उरलेलं कधी टाकलेलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णांना दवाखान्यात दाखल केलं. छातीत कफ भरला होता. डॉक्टरांनी विचारलं, घरी भरवतं कोण?

"मीच की," आई म्हणाली. "तुमीच दिलेली पावडर घालून. पर माझंच चुकलं, सायेब. उष्टी वाटी ठेवत हुते. मीच घातलं त्यांच्या छातीत."

ती कॉटच्या दांड्याला धरून रडत होती. मी तिच्या शेजारी उभी होते. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं, आणि एक क्षण मी गप्प राहिलेही. त्याची लाज मला अजून वाटते. मग म्हणाले, "डॉक्टर, डबा तुमचा होता. आतलं पीठ माझं होतं."

डॉक्टर काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मी आईकडं बघत होते. आता ही सगळ्यांदेखत माझी सालटी काढणार, असं वाटलं. तशी ती कुणाला सोडणारी बाई नाही. पण तिचा आवाज एकदम खाली आला.

"तरीच," ती म्हणाली. "तू डबा भरून आनलास, त्याच्या दुसऱ्या दिसापास्नंच तोंड मिटून घेत हुते. चमचा हातानं ढकलत हुते. तुला फोन करून इचारलं, तर तू म्हनलीस, हट्ट करत्यात, दाबून भरव."