उभ्यानं लिहायचा अर्ज

‘‘उभ्यानंच लिही,’’ आबा म्हणाले.

समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर आबांची टोपी होती, दुसरीवर काहीच नव्हतं. मी टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवला, वाकले, पेनाचं टोपण काढलं. एकवीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शुद्धलेखन घालते आहे. त्या दिवशी मला घातलं जात होतं.

आबा म्हणजे आमच्या जांबे गावातले मोठे जमीनदार. आयटी कंपन्या आल्या, त्यांनी जमिनी विकल्या आणि गाड्यांना कर्ज देणारी फायनान्स कंपनी काढली. पाच वर्षांपूर्वी ते आमच्या बौद्धवस्तीत आले. माझ्या घरात. त्यांच्या पुतण्याला डंपर घ्यायचा होता आणि भागीदारांना दाखवायला पगारदार जामीन हवा होता. मी चहा केला. आबांनी तो पूर्ण प्यायला. त्या घराण्यातलं कुणी तोवर आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. माझी आई आडोशाला उभी राहून रडली. मी सही केली. कपभर चहाला विकली गेले. आज सांगतानाही लाज वाटते.

पुतण्यानं हप्ते बुडवले. कंपनीनं दावा ठोकला आणि कोर्टाचा हुकूमनामा आम्हा दोघांवर झाला. पुतण्याकडे कुणी दमडी मागितली नाही. मी आईच्या पाटल्या मोडल्या, फंडातून उचल घेतली आणि सगळी रक्कम एका चेकनं कंपनीत भरली. पावती मिळाली. वाटलं, सुटले.

चारच दिवसांनी लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बँकेत कर्ज मागायला गेले. साहेबानं संगणकात पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘मॅडम, तुमच्या नावावर कोर्टाचा हुकूम आहे. थकीत दाखवतोय.’’ फेडलंय, मी म्हणाले. ‘‘मग कंपनीचं तसं पत्र आणा. त्याशिवाय ही नोंद निघणार नाही.’’

तेव्हापासून आबांचं ऑफिस. ‘‘सोमवारी ये.’’ सोमवारी गेलं की, ‘‘आता फुडच्या सोमवारी.’’ चपला दाराबाहेर फक्त माझ्याच. चौथ्या सोमवारी मात्र आबा खुशीत होते.

‘‘पत्र देतो की. आधी अर्ज लिही. मी सांगतो तसा.’’

मी उभ्यानंच लिहू लागले. ‘मी आपल्या कंपनीची थकबाकीदार असून...’

पेन थांबलं.

‘‘आबा, थकबाकी कुठं राहिली? पावती हाय माझ्याकडं.’’

‘‘लिही गं. नुसती रीत असती.’’ मग हसून म्हणाले, ‘‘तुझी ती रस्त्याकडंची दोन गुंठं अजून तुझ्याच नावावर हाय ना?’’

मला सगळं कळलं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं, फेडलेलं कर्ज पुन्हा माझ्या डोक्यावर बसणार होतं आणि त्यापाठोपाठ त्या दोन गुंठ्यांवरचं घर जाणार होतं. आमच्या शेजारची तीन घरं अशीच गेली. तिथं आता आबांचं कंपाउंड आहे. ती कशी गेली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी कागद उचलला. ‘‘मी न्हाई लिहीत.’’

‘‘मग पत्र इसर.’’ आबांनी आवाज चढवला नाही. ‘‘पोरगी स्टॉपवरनं एकटीच येती न्हवं?’’

मी तडक कोर्टाबाहेरच्या म्हाताऱ्या अर्जलेखकाकडे गेले. पावती पाहून त्यांनी चष्मा वर केला.

‘‘पैसे भरून किती दिवस झाले, बाई?’’

‘‘सत्तावीस.’’

‘‘कर्ज फिटलं म्हणून कोर्टात तुमचा तुमीच अर्ज करू शकता. त्यांची सही लागत न्हाई. पन तीस दिवसांच्या आत. पुढच्या सोमवारी आला असता, तर दार बंद होतं.’’

सोमवार, सोमवार. आबांना मोजणी पाठ होती. मला संताप आला, आबांचा आणि माझाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज दाखल केला. कंपनीला नोटीस निघाली. एवढंच झालं आहे. नोंद अजून तशीच आहे. प्रवेशाची तारीख गेली, लेकीचं वर्ष गेलं. रोज संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी आबांची पांढरी गाडी उभी असते, काचा वर करून. मी स्टॉपवर जाऊन लेकीला आणते. आम्ही दोघी त्या गाडीजवळून चालत येतो.

गेल्या रविवारी आबा दारात आले. ‘‘चहा टाक. बसून मिटवू.’’

मी उंबऱ्यातून हलले नाही. ‘‘चहा न्हाई, आबा. काय म्हनायचं ते कोर्टात लिहून द्या.’’

ते घराकडे पाहत राहिले. भिंती, पत्रे, मागची मोरी. मोजत असल्यासारखे. मग गेले.

भीती वाटते. पण तो अर्धवट कागद मी पावतीसोबत पिशवीत घातला आहे. शेजारची ती तीन कुटुंबं आता भाड्याच्या खोल्यांत राहतात. उद्या मी तिघांच्याही दारात जाणार आहे आणि विचारणार आहे, आबांनी तुमच्याकडून काय लिहून घेतलं?