बारा मिलिमीटरचा निवाडा

विजयकुमारसाहेबांनी त्या सकाळी अख्ख्या गावाच्या पावसानं हात धुतले.

तसा दोष त्यांचा नव्हता, दोष रस्त्याचा. हवामानाचा कागद घेऊन तालुक्याच्या कृषी खात्यातून निघालेले साहेब आखाडा बाळापूरच्या पुढं फटफटीसकट चिखलात बसले. जनकाबाईच्या अंगणात पोचले तर ओट्यावर एक पांढरी बाटली, तीत पाणी. साहेबांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत हातांवर ओतलं. तेवढ्यात मोजायचा काचेचा पेला घेऊन जनकाबाई घरातून बाहेर आली. बाटली पर्जन्यमापकातली होती.

"साहेब, रातचा पाऊस कुठंय?"

साहेबांनी ओले हात मागं घेतले.

जनकाबाई गावच्या पाणी समितीची अध्यक्ष. बहात्तर साली याच तळ्याच्या बांधावर तिनं टोपलीनं माती टाकलेली, म्हणून तळ्याबद्दल ती सुनेबद्दल बोलावं तसं बोलायची: खर्चिक हाय, पण आपलीच हाय. सात वर्षं रोज साडेआठला पाऊस मोजून तिनं तो तळ्याच्या पायऱ्यांशी जुळवला होता. चाळीस मिलिमीटर म्हणजे एक पायरी. मिलिमीटर गावात कोणाला कळत नसे. पायरी म्हशींनाही कळे.

आणि नेमका आजच निकाल होता, त्यासाठी समिती अंगणात जमलेली. पंधरा दिवसांच्या उघडिपीनं माणिकरावांची हळद माना टाकून उभी होती. समितीत ठरलेलं: रात्रीचा पाऊस विसाच्या आत असला तर तळ्याचं दार उघडून हळदीला पाणी, वर गेला तर दार बंद, तळं पिण्याला आणि गुरांना.

"चार थेंब पडले, बाई. उघडा दार," माणिकराव म्हणाले.

"चार थेंबांत साहेब पडतेत व्हय?" रुक्माबाई कडाडली. तिच्या सहा म्हशी होत्या.

जनकाबाईनं दोघांना हातानंच गप्प केलं. "साहेब, मघासारखा चिखल लावा."

सगळ्या समितीसमोर साहेबांनी मनगटापर्यंत चिखल लावला. पेल्यानं मोजून मोजून जनकाबाई पाणी ओतू लागली.

"मघा हात इतकेच साफ निघाले व्हते?"

"नखांत थोडा राहिला होता."

"मंग नखं सोडा."

हिशेब बारा मिलिमीटरवर थांबला. कमी पाऊस झाल्याचा आनंद माणिकरावांना जन्मात पहिल्यांदा झाला.

मग ओसरीत बसून साहेबांनी कागद वाचला: पुढल्या आठवड्यात सरासरीपेक्षा कमी पावसाची शक्यता साठ टक्के. समिती छपराकडं बघू लागली. साहेबांनी तीस वर्षांची सरासरी कशी काढतात ते समजावलं. समिती आता बाहेर बघू लागली.

"म्हंजे असा कागद दहादा आला तर सहादा पाऊस दगा देणार?" जनकाबाईनं विचारलं.

"बरोबर."

"मंग एकच रात दार उघडू. पाऊस आला तर पुढं हळद त्याच्यावर. न्हाई आला तर म्हशी तळ्यावर. पोळ्यापर्यंत पाणी तिसऱ्या पायरीखाली उतरू द्यायचं न्हाई."

"एका रातीत काय व्हतंय, बाई?" माणिकराव कळवळले.

"हळदीला पाणी पाजून राहिले मी, माणिकराव, अंघोळ न्हाई घालून राहिले."

रुक्माबाईनं मान डोलावली, माणिकराव कुरकुरत फावडं शोधायला गेले. कागदाची घडी घालताना साहेब जरा दुखावले होते.

"बाई, एवढी तीस वर्षांची सरासरी आणली, तुम्ही तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही."

"साहेब, सरासरीएवढा पाऊस आमच्या गावात अजून एकदाबी पडला न्हाई."